क्लोनाझेपाम : लाभ, जोखीम आणि मुदतीचा प्रश्न

१. प्रश्न नेमका कोणता

बेळगावच्या दक्षिण टोकाला अनगोळची जुनी मराठी वस्ती आणि उद्यमबागेतले फाउंड्री-लेथचे कारखाने शेजारी शेजारी आहेत. इथल्या एखाद्या माणसाला रात्री अचानक छातीत धडधडू लागते, श्वास अपुरा पडतो, हातापायांना मुंग्या येतात. ‘जीव घाबरा व्हायलाय’ एवढेच तो सांगू शकतो. घरचे हृदयविकाराच्या भीतीने त्याला दवाखान्यात नेतात आणि ते योग्यच असते. ईसीजी ठीक निघतो, डॉक्टर ‘टेन्शन आहे’ म्हणतात आणि एक बारीकशी गोळी देतात. तासाभरात जीव थाऱ्यावर येतो. पुढच्या वेळी मात्र त्याला आधी दवाखाना आठवत नाही, गोळी आठवते. ती गोळी अनेकदा क्लोनाझेपामची असते.

याच औषधाकडे आणखी एका कारणाने लोक येतात. मूल सारखे डोळे मिचकावते, मान झटकते, घसा खाकरते. या अनैच्छिक हालचालींना आणि आवाजांना वैद्यकात टिक म्हणतात. त्यासाठीही कधी कधी क्लोनाझेपाम दिले जाते.

या औषधावर बोलताना लोक ‘चांगले की वाईट’ असा वाद घालतात. तो वाद सुटत नाही, कारण पहिल्या आठवड्यात उपकारक ठरणारे हे औषध तिसऱ्या वर्षी त्याच माणसाला ओझे होऊ शकते. औषध तेच, मात्राही तीच. बदलतो तो काळ. म्हणून या विवेचनाचा मुख्य प्रश्न ‘किती दिवस?’ हा आहे. प्रतिपादन असे : क्लोनाझेपामचा लाभ लवकर मिळतो आणि पुढे फारसा वाढत नाही, जोखीम मात्र हळूहळू साचत जाते. त्यामुळे ते कसे आणि केव्हा थांबवायचे याची योजना पहिल्या चिठ्ठीबरोबरच ठरली पाहिजे. बेळगावसारख्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात ती ठरत नाही, याचे कारण औषधाच्या गुणधर्मांइतकेच पर्यायी उपचारांच्या टंचाईतही आहे.

एक सूचना आधीच द्यायला हवी. जो कोणी ही गोळी काही आठवडे वा त्याहून अधिक काळ रोज घेत असेल, त्याने कुठलेही लेखन वाचून ती एकदम बंद करू नये. कारण सातव्या भागात येईल.

२. औषधाचा वंश

१९५० च्या दशकापर्यंत चिंता आणि निद्रानाशावर बार्बिट्युरेट गटाची औषधे चालत. त्यांच्या उपयुक्त मात्रेत आणि जीवघेण्या मात्रेत अंतर थोडे असे. हॉफमन-ला रोश कंपनीच्या अमेरिकेतील न्यूजर्सी राज्यातल्या नटली येथील प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख यांनी बाजूला पडलेले एक संयुग १९५७ मध्ये तपासणीसाठी पाठवले. त्यातून क्लोरडायाझेपॉक्साइड निघाले आणि १९६० मध्ये ते ‘लिब्रियम’ या नावाने बाजारात आले. १९६३ मध्ये डायझेपाम, म्हणजे ‘व्हॅलियम’ आले. या गटाला बेंझोडायझेपिन म्हणतात. ही औषधे एकटीच जास्त घेतली गेली तरी बार्बिट्युरेटच्या मानाने क्वचितच प्राणघातक ठरतात. त्यांचा प्रसार झपाट्याने झाला तो या सुरक्षिततेमुळे, आणि सवयीचा धोका उशिरा लक्षात आला तोही काही अंशी याच सुरक्षिततेच्या भरवशामुळे.

क्लोनाझेपाम या कुळातले पुढचे अपत्य. अमेरिकेत त्याला १९७५ मध्ये मान्यता मिळाली ती फिट्ससाठी. पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे भीतीच्या झटक्यांचा विकार, यासाठी ती मिळायला १९९७ साल उजाडले. टिक्ससाठी अशी मान्यता त्याला तिथे मिळालेली नाही. फिट्स, भीतीचे झटके, टिक्स हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुराव्याचे बळही याच क्रमाने कमी होत जाते.

३. मेंदूत काय घडते

मेंदूतल्या पेशींना उत्तेजित करणारी रसायने असतात, तशी शांत करणारीही असतात. शांत करणाऱ्यांत गाबा हे प्रमुख. गाबा आपल्या रिसेप्टरवर बसले की पेशीच्या आवरणातला क्लोराइडचा मार्ग उघडतो, ऋणभारित कण आत शिरतात आणि ती पेशी सहजासहजी संदेश सोडत नाही. बेंझोडायझेपिन हा मार्ग स्वतः उघडत नाही. ते त्याच रिसेप्टरच्या दुसऱ्या जागी बसते आणि गाबा हजर असताना मार्ग अधिक वेळा उघडला जाईल अशी सोय करते. बार्बिट्युरेट मार्ग जास्त वेळ उघडा ठेवते आणि मोठ्या मात्रेत गाबाशिवायही तो उघडू शकते. दोन्ही गटांच्या सुरक्षिततेतला फरक इथून येतो.

गाबाचे रिसेप्टर एकाच जातीचे नसतात. त्यांतल्या अल्फा-१ उपप्रकाराचा संबंध प्रामुख्याने गुंगीशी, अल्फा-२ आणि ३ यांचा चिंता कमी होण्याशी व स्नायू सैल पडण्याशी, तर अल्फा-५ चा स्मरणाशी जोडला जातो. क्लोनाझेपाम या सगळ्यांवर बसते. त्यामुळे चिंता उतरेल पण झोप येणार नाही, किंवा टिक थांबेल पण स्मरणाला धक्का लागणार नाही, अशी निवड करता येत नाही. गुण आणि दोष एकाच क्रियेतून येतात.

४. शरीरातला मुक्काम

तोंडाने घेतलेले क्लोनाझेपाम एक ते चार तासांत रक्तात उच्चतम पातळी गाठते. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे पातळी निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण ३० ते ४० तास असतो. याच गटातल्या अल्प्राझोलामचा सुमारे ११ तास असतो. या एका आकड्यातून तीन व्यावहारिक निष्कर्ष निघतात.

पहिला : औषध साचते. अर्धायुकाल ३६ तास धरला आणि रोज एक गोळी घेतली, तर दुसऱ्या गोळीच्या वेळी पहिलीचा ६० टक्क्यांहून अधिक भाग अंगात शिल्लक असतो. आठवडाभरात पातळी स्थिरावते, तेव्हा ती पहिल्या दिवसाच्या अडीच पटीहून अधिक असते. ‘पहिल्या दिवशी काही झाले नाही, आठव्या दिवशी मात्र सकाळी डोळे उघडेनात’ या तक्रारीचा उलगडा इथे होतो. वृद्धांत आणि यकृत बिघडलेल्यांत हे साचणे आणखी वाढते.

दुसरा : दोन मात्रांच्या मध्ये पातळी फार खाली जात नाही. अल्प्राझोलाम घेणाऱ्यांना पुढची मात्रा जवळ येताच जी तगमग जाणवू शकते, ती इथे कमी. पॅनिकमध्ये क्लोनाझेपाम अनेकदा निवडले जाते त्यामागे हे कारण आहे.

तिसरा : बंद केल्याचा परिणाम उशिरा दिसतो. ३६ तासांच्या हिशेबाने तीन दिवसांनी चौथा हिस्सा, सहा दिवसांनी सोळावा हिस्सा उरतो. पहिले दोन दिवस माणूस ‘मला गोळी लागतच नव्हती’ म्हणून खूश असतो. त्रास त्यानंतर सुरू होतो, आणि मधल्या अंतरामुळे तो गोळी सोडल्याने झाला हे त्याच्या ध्यानात येत नाही.

५. चिंताविकारातला उपयोग

चिंता आणि चिंताविकार यांत भेद करायला हवा. मुलीच्या लग्नाची, कर्जाच्या हप्त्याची, पावसाची काळजी हा आजार नव्हे. भीती प्रसंगाच्या मानाने फार मोठी असेल, महिनोन्महिने टिकली असेल आणि तिच्यामुळे माणूस बाजारात जाणे, बसमध्ये चढणे, कामावर जाणे टाळू लागला असेल, तर तो विकार. त्यावरचे पायाभूत उपचार दोन : एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारखी नैराश्यरोधक औषधे आणि बोधनिक वर्तनोपचार. दोन्हींना वेळ लागतो. नैराश्यरोधक औषधाचा गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात, शिवाय सुरुवातीच्या दिवसांत त्यामुळे घबराट थोडी वाढूही शकते. याच पोकळीत क्लोनाझेपामचे खरे स्थान आहे.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॉडार्ड आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकन अभ्यासाने हे नेमके मोजले. पॅनिक डिसऑर्डरच्या सगळ्या रुग्णांना सर्ट्रालिन दिले. त्यासोबत एका गटाला चार आठवडे क्लोनाझेपाम दिले आणि पुढच्या तीन आठवड्यांत ते उतरवत बंद केले. दुसऱ्या गटाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, दिली. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस पहिल्या गटातल्या ४१ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या ४ टक्के रुग्णांना ठळक आराम होता. तिसऱ्या आठवड्यात हे प्रमाण ६३ आणि ३२ झाले. बारा आठवड्यांच्या शेवटी मात्र दोन्ही गट जवळजवळ एकाच जागी आले होते. म्हणजे क्लोनाझेपामने अंतिम निकाल बदलला नाही. तिथे पोहोचेपर्यंतचा त्रास कमी केला. हा लाभ क्षुल्लक नाही. ज्याला रोज दोन-तीन झटके येतात त्याच्यासाठी ते तीन आठवडे नोकरी टिकण्याचे वा जाण्याचे असू शकतात. हाड मोडल्यावर प्लास्टर लागते, पण हाड जुळल्यानंतरही ते ठेवले तर स्नायू वाळतात; क्लोनाझेपामच्या या कामाचे स्वरूप तसे आहे.

म्हणूनच मुदतीवर जोर दिला जातो. ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने १९८८ मध्येच बेंझोडायझेपिनचा वापर दोन ते चार आठवड्यांपुरता ठेवायला सांगितले. त्या देशाच्या नाइस संस्थेची २०११ ची मार्गदर्शिका त्याहून कडक आहे. दीर्घकालीन चिंताविकारात केवळ संकटकाळी, अल्प मुदतीसाठी ही औषधे द्यावीत आणि पॅनिकमध्ये देऊच नयेत, असे ती सांगते. कारण दीर्घकाळात त्यांचा निकाल कमी चांगला लागतो. पॅनिकबाबत अमेरिकेतली अधिकृत मान्यता आणि ब्रिटनची मनाई यांत विरोध दिसतो. मान्यता देताना ‘काही आठवड्यांत औषध काम करते का’ हे पाहिले जाते, मार्गदर्शिका लिहिताना ‘वर्षानंतर रुग्ण कुठे असतो’ हे पाहिले जाते. दोन्ही उत्तरे आपापल्या प्रश्नापुरती बरोबर आहेत.

भारतीय बाजारातली एक प्रथा या मुदतीच्या तत्त्वाला थेट छेद देते. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. यांतले पहिले औषध सहा महिने-वर्षभर चालवायचे, दुसरे काही आठवड्यांत थांबवायचे. दोन्ही एकत्र बांधली की दुसऱ्याची मुदत पहिल्याएवढी होते. मात्रा स्वतंत्रपणे कमी करता येत नाही, आणि आपण झोपेचे औषधही घेत आहोत हे अनेक रुग्णांना ठाऊकच नसते. सोय म्हणून निघालेली ही गोळी दीर्घ वापराची एक वाट बनते.

६. टिक्समधला उपयोग

टिक बहुधा वयाच्या पाचव्या ते सातव्या वर्षी दिसू लागते, दहा ते बारा वर्षांच्या सुमारास जोर धरते आणि पौगंडावस्थेच्या उत्तरार्धात बहुतेकांत ओसरते. अनेक हालचाली आणि किमान एक आवाज अशा टिक्स अठराव्या वर्षाआधी सुरू होऊन वर्षाहून अधिक काळ राहिल्या, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. फ्रेंच वैद्य जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी १८८५ मध्ये त्याचे वर्णन केले. सोबत अतिचंचलता किंवा मंत्रचळ असणे नेहमीचे.

आपल्याकडे टिक ओळखूच येत नाही. डोळे मिचकावणारे मूल डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते, नाक ओढणारे ॲलर्जीच्या औषधांवर राहते, घसा खाकरणारे खोकल्याच्या बाटल्या संपवते. उरलेल्यांना ‘वाईट सवय’ म्हणून ओरडा बसतो. मोठ्या मुलांना टिकच्या आधी त्या जागी एक अस्वस्थ खाज-ताण जाणवतो आणि टिक केल्यावर तो सुटतो. थोडा वेळ ती दाबता येते, म्हणून मोठ्यांना वाटते मूल मुद्दाम करते. ओरडल्याने ताण वाढतो आणि टिकही वाढते. त्याच वेळी फिट्स आणि संधिवाती तापानंतरचा हालचालींचा विकार यांची शक्यता तपासून बाजूला काढावी लागते.

उपचारांची उतरंड अशी. टिकमुळे दुखत नसेल आणि शाळेत, खेळात अडत नसेल, तर घरच्यांना आणि शिक्षकांना नीट माहिती देणे हाच पहिला उपचार. अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत त्यानंतर वर्तनोपचाराला अग्रक्रम आहे. त्यात मुलाला टिकची चाहूल ओळखायला आणि त्या क्षणी तिला अडवणारी दुसरी, न दिसणारी हालचाल करायला शिकवतात. टिक वाढवणारे प्रसंगही बदलतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पियासेंटिनी यांच्या चाचणीत ९ ते १७ वर्षांची १२६ मुले होती. दहा आठवड्यांतल्या आठ बैठकांनंतर या उपचाराने ५२.५ टक्के मुले सुधारली. नुसता आधार आणि माहिती मिळालेल्या गटात हे प्रमाण १८.५ टक्के होते. औषधांत क्लोनिडिन, तसेच ॲरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांना चाचण्यांचा आधार आहे. क्लोनाझेपामच्या बाजूने आहेत ते लहान आणि जुने अभ्यास.

तरीही डॉक्टर ते का देतात? त्याला समजण्याजोगे कारण आहे. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी अंग ताठरते, वजन वाढू शकते, आणि दीर्घ वापराने तोंडा-जिभेच्या नव्या अनैच्छिक हालचाली जडू शकतात. क्लोनाझेपाममध्ये हे धोके नाहीत. शिवाय चिंता वाढली की टिक वाढते, त्यामुळे चिंता उतरली की टिकही थोडी उतरते. मोठ्या माणसात टिक्ससोबत तीव्र चिंता असेल तर जोड-औषध म्हणून, ठरावीक मुदतीसाठी त्याचा विचार होऊ शकतो. मुलांत हात आखडता घ्यावा लागतो. काही मुले या औषधाने शांत होण्याऐवजी चिडखोर आणि अनावर होतात. वर्गातले लक्ष आणि पाठांतर मंदावते. लाळ आणि श्वासनलिकेतला स्राव वाढू शकतो.

टिक्समध्ये औषधाचा गुण पारखताना एक मोठी फसगत होते. टिक्स मुळातच भरती-ओहोटीने चालतात. काही आठवडे जोर, काही आठवडे शांतता. पालक डॉक्टरकडे येतात ते भरतीच्या शिखरावर. त्या दिवशी कोणतीही गोळी, अंगारा किंवा साखरेचे पाणी दिले, तरी पुढच्या काही आठवड्यांत ओहोटी येणारच असते आणि श्रेय जे दिले त्याला मिळते. पुढे औषध कमी करताना योगायोगाने भरती आली, तर ‘गोळीशिवाय चालत नाही’ असा ग्रह पक्का होतो. यावर उपाय एकच : औषध सुरू करण्याआधी काही आठवडे टिक्सची रोजची नोंद ठेवावी आणि सुरू केल्यावरही ती चालू ठेवावी. ही नोंद नसेल तर औषधाचा गुण आहे की काळाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

७. जोखमींचे वर्गीकरण

(अ) तात्कालिक. गुंगी, तोल जाणे, प्रतिक्रिया मंदावणे, औषधाच्या अंमलात घडलेले न आठवणे. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला ही गैरसोय. उद्यमबागेत लेथवर किंवा वितळलेल्या धातूजवळ उभ्या असलेल्या कामगाराला, शहापूर-वडगावच्या यंत्रमागावरच्या विणकराला, निपाणीहून राष्ट्रीय महामार्ग ४८ वर रात्री ट्रक घेऊन निघालेल्या चालकाला हा अपघाताचा धोका. अर्धायुकाल लांब असल्याने रात्री घेतलेली गोळी सकाळच्या पाळीतही अंगात असते. ‘झोपून उठलो, म्हणजे उतरली’ हे गणित इथे चुकते.

(आ) साचणाऱ्या. शरीर औषधाला सरावते. फिट्ससाठी वापरताना काही रुग्णांत तीन महिन्यांच्या आत गुण ओसरू लागतो. गुंगीही सरावाने कमी होते. स्मरण आणि लक्ष यांवरचा परिणाम तितका ओसरत नाही. काहींत उदासी वाढते. पासष्टीपुढच्या माणसांत तोल जाऊन पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेतल्या वृद्धांसाठीच्या बिअर्स यादीत ही औषधे टाळावीत असे म्हटले आहे. स्मृतिभ्रंशाशी संबंध काही अभ्यासांत दिसला, पण औषधामुळेच तो होतो असे सिद्ध झालेले नाही. गरोदरपणाच्या अखेरीस घेतल्यास बाळ जन्मतः मलूल असू शकते. यकृताचा गंभीर आजार आणि काचबिंदूचा तीव्र, अरुंद कोनाचा प्रकार यांत हे औषध देत नाहीत.

(इ) संयोगाच्या. दारू, अफूजन्य वेदनाशामके, ट्रामाडॉल, कोडीनचे खोकल्याचे औषध यांच्याबरोबर क्लोनाझेपाम घेतले की श्वास मंदावतो. एकट्या औषधाने क्वचित होणारा मृत्यू इथे खरोखर संभवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये अफूजन्य औषधांसोबतच्या वापराबद्दल सर्वात कडक प्रकारचा इशारा छापायला लावला आणि २०२० मध्ये सवय, गैरवापर व बंद करतानाचा त्रास यांचा इशारा त्यात वाढवला. गोवा हाकेच्या अंतरावर असलेल्या बेळगाव जिल्ह्यात दारू आणि गोळी एकत्र येणे दुर्मीळ नाही, आणि चिंतेवर स्वतःच दारूचा उतारा शोधणाऱ्या माणसाच्या हाती ही गोळी देताना डॉक्टरने तो प्रश्न स्पष्ट विचारायलाच हवा. सर्दीच्या गोळ्यांतली गुंगी आणणारी औषधेही या परिणामात भर घालतात.

(ई) अवलंबनाच्या. अवलंबन आणि व्यसन या दोन गोष्टी आहेत. डॉक्टरने सांगितली तेवढीच गोळी इमाने घेणाऱ्या आजीचे शरीरही काही आठवड्यांत तिच्यावर विसंबू लागते. गाबाची यंत्रणा औषध गृहीत धरून स्वतःला जुळवून घेते. हे अवलंबन. मात्रा स्वतःहून वाढवणे, दोन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या घेणे, नशेसाठी घेणे, तोटा दिसत असूनही न थांबणे हे व्यसन. पहिल्या प्रकारच्या माणसांची संख्या मोठी. त्यांना व्यसनी म्हटले की लाजेने ती औषध एकदम टाकतात, आणि खरा धोका तिथे आहे. औषध अचानक काढून घेतले की जुळवून घेतलेली यंत्रणा उघडी पडते : झोप उडते, घाम, थरथर, आवाज आणि प्रकाश सहन न होणे, तीव्र घबराट, आणि काहींत फिट किंवा भ्रम. टिक असलेल्यांच्या टिक्स या काळात उसळू शकतात. तेलंगणात ताडीत डायझेपाम, अल्प्राझोलामसारख्या औषधांची भेसळ होत असे. ताडी अचानक बंद झाल्यावर माणसे हाच त्रास घेऊन रुग्णालयांत आली. आपण बेंझोडायझेपिन घेतो हे ठाऊक नसतानाही शरीर त्याची सवय करून घेते, याचा तो सामूहिक दाखला.

८. थांबवण्याची रीत

हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात इंग्लंडमधील न्यूकॅसलला ही औषधे सोडू पाहणाऱ्यांसाठी खास बाह्यरुग्ण विभाग चालवला. त्यांच्या अनुभवाचे सार आजही टिकून आहे : हळू उतरा आणि वेग रुग्णाच्या सोयीने ठरवा. अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी २०२५ मध्ये काढलेली संयुक्त मार्गदर्शिका दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के घट सुचवते आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरू नये असे सांगते. टक्के चालू मात्रेचे असल्याने शेवटच्या पायऱ्या सर्वात लहान असतात. बाजारातली सर्वात लहान नेहमीची गोळी ०.२५ मिग्रॅची, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात अर्ध्या गोळीचा हिशेब, किंवा डॉक्टरच्या सल्ल्याने दुसऱ्या औषधावर वळवणे, अशी वाट काढावी लागते.

हे साध्य आहे याचाही पुरावा आहे. ब्राझीलमधल्या नार्दी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पॅनिकसाठी किमान तीन वर्षे क्लोनाझेपाम घेतलेले ७३ रुग्ण होते. टप्प्याटप्प्याने मात्रा उतरवत सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण चार महिन्यांत औषधमुक्त झाले. आणखी एक-चतुर्थांशांना अधिक तीन महिने लागले. हे रुग्ण आजारातून सावरलेले होते आणि त्यांच्यावर देखरेख होती, हे विसरता कामा नये. पण ‘एकदा लागली की सुटत नाही’ ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

उतरवताना होणारा त्रास आणि मूळ आजार उलटणे यांत फरक कसा करायचा? मात्रा घटवल्यावर काही दिवसांत सुरू होणारा, पूर्वी कधी नसलेली लक्षणे घेऊन येणारा आणि आठवड्यांगणिक ओसरणारा त्रास हा बहुधा औषध सोडण्याचा. जुनीच भीती, जुन्याच प्रसंगांभोवती, हळूहळू वाढत परतली आणि टिकून राहिली, तर तो आजार. पहिल्यावर उपाय थांबून वेग कमी करण्याचा. दुसऱ्यावर उपाय मूळ उपचार मजबूत करण्याचा. दोन्हींत गफलत झाली की माणूस पुन्हा पूर्ण मात्रेवर जातो आणि वर्षे निघून जातात.

९. सीमाभागातली व्यवस्था

कायदा पुरेसा कडक आहे. क्लोनाझेपाम १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या मनोप्रभावी द्रव्यांच्या यादीत आहे आणि चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. याच कुळातल्या अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम यांना १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीत टाकले. त्यांच्या विक्रीत डॉक्टर आणि रुग्णाचे नाव नोंदवून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. पण जुनी चिठ्ठी पुन्हा पुन्हा दाखवता येते. निपाणीचा रुग्ण एका आजारासाठी कोल्हापूर वा मिरजेला जातो, दुसऱ्यासाठी बेळगावला. दोन राज्यांतल्या दोन दुकानांच्या नोंदवह्या एकमेकींना ओळखत नाहीत. दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांखाली एकाच कुळातली दोन औषधे एका माणसाच्या पोटात जाऊ शकतात. त्यावर रुग्णाच्या हातातला साधा उपाय असा : पाकिटावरचे कंपनीचे नाव सोडून खालचे मूळ नाव वाचावे. ‘-झेपाम’ किंवा ‘-झोलाम’ असा शेवट असलेली दोन नावे एकाच पिशवीत सापडली, तर दोन्ही पाकिटे एकाच डॉक्टरपुढे ठेवावीत.

उपचारांच्या बाजूने पाहिले तर बेळगावात बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, केएलईचे मोठे रुग्णालय आहे. धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची स्वतंत्र संस्था आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशभर १९९६ मध्ये सुरू झाला तो बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने १९८५ ते १९९० या काळात कर्नाटकातल्याच बळ्ळारी जिल्ह्यात करून पाहिलेल्या प्रयोगाच्या पायावर. तरीही निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांवर उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांदरम्यान आढळले. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत कर्नाटकही नव्हते आणि महाराष्ट्रही नव्हता, पण या पट्ट्यातली स्थिती फार निराळी असेल असे मानायला आधार नाही.

इथे भाषेचा प्रश्न येतो. गोळीला भाषा लागत नाही, वर्तनोपचाराला लागते. बेळगावचे बहुतेक डॉक्टर मराठी आणि कन्नड दोन्हींत तब्येत विचारू शकतात. पण भीतीच्या मुळाशी असलेला विचार पकडणे, तो तपासायला शिकवणे, दहा वर्षांच्या मुलाला मान झटकण्याआधीची चाहूल शब्दांत पकडायला लावणे यासाठी घरची भाषा आणि तासाभराची बैठक लागते. ती मिळत नाही तेव्हा पाच मिनिटांत लिहून होणारी गोळी उरते, आणि तिची मुदत आपोआप लांबते. मराठीत ही साधने नाहीत असे नाही. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार मराठीत आणला. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात उभी केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ मराठीतून हेच काम करत आली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा भारतीय भाषांतून मिळते. अनगोळच्या माणसाला बेळगावात मराठीतून बैठका मिळाल्या नाहीत, तर फोन आणि पडद्यावरून त्या मिळवण्याची सोय आज आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याने ती सांगायला हवी.

१०. निष्कर्ष

एक : पॅनिक आणि तीव्र चिंतेत क्लोनाझेपाम पहिल्या तीन-चार आठवड्यांसाठी, मूळ उपचाराच्या सोबतीला उपयुक्त आहे. मूळ उपचार सुरूच न करता ते एकटे चालवणे म्हणजे आजार तसाच ठेवून घड्याळ सुरू करणे.

दोन : टिक्समध्ये ते पहिले औषध नव्हे. माहिती, वर्तनोपचार आणि पुराव्याची औषधे यांनंतर, बहुतेक करून प्रौढांत आणि चिंता सोबत असेल तरच त्याचा विचार व्हावा. नोंद ठेवल्याशिवाय त्याचा निर्णय करू नये.

तीन : दोन औषधांची एकत्र गोळी टाळावी, म्हणजे अल्पकाळाचे औषध अल्पकाळच राहील.

चार : दीर्घकाळ घेणाऱ्याने लाजू नये आणि घाई करू नये. हळू उतरल्यास बहुतेकांना ते सोडता येते.

पाच : डॉक्टरला विचारायचे प्रश्न तीन. या गोळीचे मूळ नाव काय? किती दिवस घ्यायची? आणि बंद कशी करायची? पहिल्याच भेटीत तिन्हींची उत्तरे चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. तिसरे उत्तर मिळत नसेल, तर दुसरे अजून कोणी ठरवलेलेच नाही असे समजावे.